वारा लागू नये म्हणून

"काय गो, आज काय काय सापडलं?"

तांडेलदादा छताकडून उलटे उतरत आले आणि माझ्या हातातल्या पारदर्शक पिशवीत डोकावले. मी प्रयोगशाळेच्या जाळीपाशी होते. पाय पट्ट्यात अडकवलेले, एका हातात व्हॅक्यूमची नळी, दुसऱ्या हातात पिशवी.

"एक बटण. पेनाचं टोपण. इबोम्चा सरांची नखं, ती नेहमीचीच. आणि हा काजूचा तुकडा."

"काजू? अरे देवा. कोण खातं गो इथे काजू?"

"अख्ख्या स्थानकात काजू एकाच माणसाच्या डब्यात आहेत, दादा."

"पुरावा नाही. जाळीवर सापडलेलं सगळ्यांचं असतं." असं म्हणून त्यांनी पिशवीत दोन बोटं घातली, तुकडा काढला आणि तोंडात टाकला.

"शी! धुळीतला होता तो!"

"पाणबुडीत उमेदीची वर्षं काढलीत मी. तिथल्या डाळीत काय काय असायचं ते सांगितलं तर तू जेवण सोडशील. तुम्ही वऱ्हाडातली माणसं फार नाजूक."

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या त्या स्थानकात काहीच खाली पडत नसे, कारण खाली असं काही नव्हतंच. हातातून सुटलेली वस्तू तरंगत राही आणि पंख्यांच्या मंद वाऱ्याबरोबर कधी तासाभरात, कधी दिवसभरात जाळीवर जाऊन चिकटे. त्यामुळे हरवलेलं कुणी शोधत बसत नसे. जाळ्या साफ करायच्या दिवसाची वाट बघायची. मला तो दिवस आवडायचा. घर झाडून काढल्यासारखं वाटायचं.

आम्ही तिघं होतो. कमांडर इबोम्चा सिंग मणिपूरचे. बोलणं कमी, तेही हिंदीत, आणि आम्ही दोघं मराठीत भांडायला लागलो की शांतपणे ऐकत बसायचे. मोरेश्वर तांडेल देवगडकडचे, स्थानकाची हवा आणि पाणी सांभाळणारे. मी रेणू, यवतमाळची, सगळ्यांत नवी. मी ज्या यानातून आले, त्याच गाडीतून दादांसाठी एक लहानसं पुडकं वर आलं होतं. त्यात सुमतीवहिनींनी विणलेलं टोपडं होतं. पिवळं, दोन्ही बाजूंना बंद. दादा परत जायच्या आधीच बाळ जन्मणार होतं, म्हणून वहिनींनी ते वर पाठवलं होतं. जन्माआधी कशाला विणलं म्हणून दादांची आई वहिनींवर रागावली होती, हे दादांनीच हसत हसत सांगितलं. ते टोपडं मुठीवर चढवायचे, बंद बांधायचे आणि मूठ डोलवायचे. "बघ, कशी बघतेय तुझ्याकडे. रेणूमावशीला नमस्कार कर."

बाळ सातव्या महिन्यातच आलं. मुलगी. एक दिवस राहिली.

खालून डॉक्टर काझी मॅडमनी ते सांगितलं तेव्हा इबोम्चा सर आणि मी मुद्दाम दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो होतो. नंतर सर म्हणाले, आपण तिघंही खाली जाऊ. गाडी एकच होती, एकाला न्यायचं तर सगळ्यांनाच जावं लागलं असतं. दादा म्हणाले, "कशाला? सुमीजवळ तिची आई आहे. ती म्हणाली, काम पुरं करून या. आणि पोरीला तर मातीत ठेवून पण आले. आता कुणाला बघायला जाऊ?"

काही दिवस त्यांनी माझी चेष्टाही केली नाही. मग एके दिवशी जेवताना त्यांनी माझ्या भाजीचं पाकीट पळवलं आणि आम्हाला सुटल्यासारखं झालं.

"गोदामाची जाळी राहिली," त्या दिवशी मी व्हॅक्यूम गुंडाळत म्हणाले.

"ती मी बघितली. स्वच्छ आहे. चल, जेवू."

"मला तिकडे तसंही जायचंय. पंपाचं रबरी कडं हवंय."

दादा वळून जेवायला निघाले.

गोदाम म्हणजे स्थानकाच्या एका टोकाला जोडलेला लांबट डबा. चारी बाजूंनी पांढऱ्या पिशव्या बांधलेल्या, मधून माणूस जाईल एवढी वाट. त्याला स्वतःचा पंखा नव्हता. प्रयोगशाळेतून एक जाड, चुण्याचुण्यांची नळी दारातून आत सोडलेली होती. आम्ही तिला सोंड म्हणायचो. सोंडेचं तोंड आतल्या टोकाला, पिशव्यांच्या मागे. तिथून हवा सुटायची आणि दाराजवळच्या जाळीतून परत यायची.

जाळी खरंच स्वच्छ होती. कारखान्यातून आल्यासारखी. एक केस नाही, एक तंतू नाही. मनात म्हटलं, दादांनी काम चोख केलंय. हातातली विजेरी सोडून मी पिशव्या उघडायला लागले. सवयीने सोडली. पुन्हा बघेन तेव्हा ती दाराकडे सरकलेली असणार, हे धरूनच आम्ही वस्तू सोडायचो.

कडं लवकर सापडेना. एक पिशवी, दुसरी, तिसरी. चेहरा गरम झाला होता. शेवटी मिळालं, तेव्हा मी मागे न बघताच विजेरीसाठी हात दाराच्या बाजूला लांब केला. हाताला काही लागलं नाही. वळून बघितलं. विजेरी जिथे सोडली होती तिथेच होती. तसूभरही हललेली नव्हती. प्रकाशाचा झोत मी शोधत होते त्याच पिशवीवर, अगदी नीट, कुणीतरी धरून उभं असल्यासारखा.

"थँक्यू हं," मी म्हणाले.

मग लक्षात आलं, की तिथे कुणी नाही.

जेवताना मी ते सांगितलं. माझ्याच वेंधळेपणाचा किस्सा म्हणून सांगितलं. इबोम्चा सर हसले. दादांनी हातातला चमचा हवेत सोडला, पुन्हा पकडला आणि म्हणाले, "गोदामात शांत असतं. बरं वाटतं तिथे."

त्यानंतर मला जाणवायला लागलं, की जेवण झालं की दादा दिसेनासे होतात. सामान मोजतोय म्हणायचे. परत यायचे तेव्हा चेहरा लालसर असायचा, डोळे जड, पण मन मोकळं झाल्यासारखे हसायचे. डोकं दुखतंय म्हणून गोळी घ्यायचे. मला वाटायचं, तिथे जाऊन रडत असतील. रडू दे.

एकदा मी दारावरून जात होते आणि आतून त्यांचा आवाज आला. बोलणं कळत नव्हतं, सूर कळत होता. अगदी खालचा, एकाच लयीत हेलकावणारा. मला वाटलं, वहिनींशी बोलतायत. मग दाराजवळच्या संपर्काच्या दिव्याकडे लक्ष गेलं. खालचा संपर्क बंद होता. आम्ही समुद्रावरून जात होतो आणि पलीकडच्या किनाऱ्याला पोचेपर्यंत कुणाशीच बोलता येणार नव्हतं.

मी दारातून डोकं आत घातलं. "दादा?"

"हळू ये." त्यांनी मागे बघितलं नाही. "आणि तो बिल्ला बाहेर ठेव. चिवचिवतो. मग ती दचकते."

आम्ही सगळेच छातीवर एक बिल्ला लावायचो. आजूबाजूची हवा बिघडली की तो पाखरासारखा चिवचिवायचा. मी तो काढला आणि चौकटीला चिकटवला. कोण दचकते, हे विचारलं नाही. घरात कुणी झोपलंय म्हटल्यावर आपण दाराबाहेर चपला काढतो, तसा काढला.

आतल्या टोकाला दादा पाय पोटाशी घेऊन, पाठ पिशव्यांना टेकून होते. कमरेला पट्टा. आणि त्यांच्या चेहऱ्यासमोर, हातभर अंतरावर, ते पिवळं टोपडं हवेत होतं. बंद बांधलेले. आत काही नव्हतं. पण चपटं नव्हतं ते. गोल होतं. आणि स्थिर होतं. स्थानकावर स्थिर काही नसतं. घड्याळ सोडा, सुई सोडा, पाण्याचा थेंब सोडा, सगळं कुठेतरी निघालेलं असतं. ते टोपडं कुठेही निघालेलं नव्हतं.

"आत्ताच डोळा लागलाय," दादा म्हणाले.

"दादा," मी म्हणाले, "चला ना बाहेर. चहा घेऊ."

"घाबरू नकोस गो. मला वेड नाही लागलं. मला ठाऊक आहे ती गेली ते. पहिल्या दिवशी मीही घाबरलो. पण हे बघ, ती इथेच येते. तिकडे पंखे आहेत, वारा आहे, तिकडे नाही राहत. इथेही आधी वाऱ्याने रडायची. मग मी सोंडेचं तोंड बांधलं. तेव्हापासून छान झोपते."

त्यांनी पिशव्यांच्या मागे हात दाखवला. सोंडेचं तोंड दुमडून पट्ट्याने आवळलेलं होतं.

"आई म्हणाली होती, बाळ झालं की सव्वा महिना वारा लागू द्यायचा नाही. कान झाकायचे, टाळू झाकायची. सुमीला वारा अडवायला वेळच मिळाला नाही. मी अडवतो. सव्वा महिना व्हायला चार दिवस राहिलेत. मग सोडतो सोंड. तू कुणाला सांगू नकोस."

हे ऐकून मला ओरडायला हवं होतं. सोंड म्हणजे काय, ते मला शिकवलेलं होतं, दादांनीच शिकवलेलं होतं. पण डोक्यात सगळं कापसात गुंडाळल्यासारखं झालं होतं आणि मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटलं. चारच दिवस. बाळाला वारा लागू नये, यात चूक काय?

"ये. बस इथे," ते म्हणाले. "मान अशी कर. कललेली."

मी त्यांच्या शेजारी पाठ टेकली आणि मान कलती केली.

आधी काहीच नव्हतं. मग कानाखाली, मान आणि खांदा मिळतात त्या खळग्यात, ऊब लागली. लहानशी, नाण्याएवढी. ती गेली. पुन्हा आली. गेली. आली. भराभर, पण न दमता. थोडीशी ओलसर.

मला वाटलं, माझाच श्वास परत येतोय. मी तोंड मिटलं, नाक दाबलं आणि श्वास रोखून धरला.

ऊब आली. गेली. आली.

आता मला लेक आहे. दूध पिऊन ती खांद्यावर झोपते तेव्हा त्याच खळग्यात तिचं नाक येतं, आणि मी तिला लगेच पाळण्यात ठेवू शकत नाही. पण तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. कधी तान्हं मूल मानेवर झोपवलेलं नव्हतं. नसलेली आठवण कशी येईल? मला फक्त एवढं कळलं, की इथून उठायचं नाही. उठलं तर हे जागं होईल.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या हाताचा धक्का लागून एक पिशवी भिंतीतल्या धातूच्या कड्यावर आदळली. त्या आवाजाने मी भानावर आले. छाती धडधडत होती, कपाळ फुटेल असं दुखत होतं. मी हातांनी स्वतःला ओढत ओढत दाराकडे निघाले. दाराबाहेर तोंडावर थंड वारा आला आणि पहिल्याच खोल श्वासाला मला ओकारी आली.

तिथे, पिशवी तोंडाशी धरून, मला सगळं कळलं. जाळी स्वच्छ होती, कारण तिच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. विजेरी कुणी धरलेली नव्हती. त्या डब्यातली हवा मेलेली होती. माणूस जिथे बसेल तिथेच त्याने सोडलेला श्वास त्याच्या तोंडाभोवती साचून राहत होता, आणि दादा रोज जेवण झालं की जाऊन तो श्वास पुन्हा पुन्हा आत घेत होते. त्याने आधी डोकं दुखतं, मग बुद्धी चळते, मग गाढ झोप लागते. त्या झोपेतून आपण होऊन उठता येत नाही. हवेचं मोजमाप करणारं यंत्र दाराशी होतं, तिथे हवा चांगली होती. खाली कुणाला काही दिसलंच नसतं.

दादा माझ्या मागोमाग बाहेर आले. डोळे जड, चेहरा तांबडा.

"लागलं ना गो तुझ्या मानेला?"

"दादा, ती हवा... तुम्ही मला शिकवलंय हे."

"हवेचं मला नको सांगूस. मी मोजून बसतो. पाणबुडीत याहून वाईट हवेत आम्ही पत्ते खेळलोय." ते जवळ आले. "मी एवढंच विचारलं, मानेला लागलं की नाही?"

मी सरळ इबोम्चा सरांकडे गेले.

सर व्यायामाच्या पट्ट्यावर धावत होते. त्यांनी सगळं ऐकलं, पट्टे सोडले, घाम पुसला आणि गोदामात जाऊन स्वतःच्या हाताने सोंड मोकळी केली. मग दादांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मोरेश्वर, आजपासून गोदामाचं काम रेणू करेल. मी डॉक्टरांशी बोलतो. तू पण बोल."

"हो सर," दादा म्हणाले. लगेच म्हणाले. टोपडं घडी करून खिशात ठेवलं. काझी मॅडमशी बोलले, त्यांच्या सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली. मला म्हणाले, "रागावलो नाही हां. तुझं बरोबर होतं."

पुढचं घडलं नसतं, तर मी आजही त्या "बरोबर होतं" वर विश्वास ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी शौचालयाचा पंप बंद पडला. त्या कामाला दोन माणसं लागतात. एकाने नळ्या धरायच्या, दुसऱ्याने जोड सोडवायचे, आणि जे काही सुटेल ते उडायच्या आत पिशवीत पकडायचं. नेहमी दादा आणि मी करायचो. त्या दिवशी दादा म्हणाले, "सरांना पण कळू दे या नोकरीतली मजा," आणि आम्ही सगळे हसलो. सर आणि मी हातमोजे चढवून आत शिरलो. दादा हत्यारं देत होते. पाना द्या म्हटलं की पाना, कापड म्हटलं की कापड.

मग एकदा मी हात मागे केला आणि हातात काही आलं नाही.

"दादा, चिमटा."

चिमटा माझ्या डोक्यामागून, सावकाश, जाळीच्या दिशेने निघालेला होता.

"जा," सर म्हणाले. त्यांच्या दोन्ही हातांत उघड्या नळ्या होत्या, सोडल्या असत्या तर सगळीकडे घाण उडाली असती. "तू जा. मी बांधून येतो."

गोदामाच्या चौकटीला दादांचा बिल्ला चिकटवलेला होता. मी माझा काढला नाही. आत शिरले, आणि वाटेच्या मध्यावर तो चिवचिवायला लागला. आणखी पुढे गेले तशी ती चिवचिव एक झाली, लांबट, न थांबणारी.

दादांनी या वेळी स्वतःला छातीपासून गुडघ्यापर्यंत पट्ट्यांनी बांधून घेतलं होतं. झोपेत अंग तरंगून धक्का लागू नये म्हणून बांधतात तसं. डोकं डाव्या खांद्यावर. तोंड किंचित उघडं, श्वास खोल आणि घाईचा. कपाळावर घामाचा एक मोठा गोळा जमून तिथेच थरथरत होता. चेहऱ्यावर असं समाधान मी नंतर फक्त एकदाच बघितलं, आमच्या घरी, बाप लेकीला घेऊन दुपारचा झोपला होता तेव्हा. टोपडं त्यांच्या मानेच्या खळग्याशी होतं.

"दादा! दादा, उठा!" मी गालावर मारलं. पापणी हलली नाही.

नियम साधा होता. आधी हवा, मग माणूस. त्यांचे पट्टे सोडवत बसले असते तर माझंही डोकं चाललं नसतं. मी पिशव्यांच्या मागे हात घातला. सोंडेचं तोंड या वेळी दोन पट्ट्यांनी बांधलेलं होतं आणि वर त्यांचा जाड स्वेटर गुंडाळलेला. स्वेटर ओढून काढला. पहिला पट्टा सुटला. दुसऱ्याच्या कडीवर माझी बोटं होती.

आणि कानाखाली ऊब आली.

गेली. आली. गेली.

बोटं थांबली. माझी होती, पण थांबली. बिल्ला कानठळ्या बसवत होता, दादा माझ्या शेजारी मरत होते, आणि मी थांबले. मला कुणी काही म्हटलं नाही. कुठला आवाज आला नाही. फक्त तो विश्वास होता. मानेवर झोपलेल्या मुलाचा असतो तसा, की ही मला काही करणार नाही.

"सॉरी गं बाळा," मी म्हणाले आणि कडी ओढली.

सोंड ताठ झाली. अडकून राहिलेला वारा एकदम सुटला आणि गार, कोरडा झोत दादांच्या आणि माझ्या मधून गेला. टोपडं उचललं गेलं. एकदा स्वतःभोवती फिरलं, बंद सुटून मागे उडाले, आणि ते माझ्या गालाला घासून दाराकडे निघालं.

बिल्ला वाजत होता. मग हवा बदलली तसा तो अडखळला आणि बंद पडला.

रडणं बंद पडलं नाही.

ते बारीक होतं, नुकत्याच जन्मलेल्या मुलाचं असतं तसं, दम लागून तुटणारं. ते टोपड्याबरोबर वाटेने दूर दूर गेलं. टोपडं जाळीवर जाऊन चिकटलं. रडणं तिथेही थोडं राहिलं. मग कुणीतरी दुसऱ्या खोलीत उचलून न्यावं तसं लहान होत होत संपलं.

मी दादांचे पट्टे सोडवले. त्यांचं तोंड सोंडेच्या झोतात धरलं. इबोम्चा सर दारातून आत आले, वाटेत जाळीपाशी क्षणभर थबकले, आणि मग येऊन त्यांनी दादांना काखेत धरलं. आम्ही दोघांनी त्यांना बाहेर आणलं, प्राणवायूचा मुखवटा लावला. डोळे उघडायला बराच वेळ लागला. उघडले तेव्हा ते ओकले, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

सरांनी मला विचारलं, "बिल्ला वाजत होता ना?"

"हो सर."

"बराच वेळ वाजला," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

त्यानंतर दादांना आम्ही एकटं सोडलं नाही. खालून रोज काझी मॅडम बोलायच्या, वहिनीही बोलायच्या. दादा ऐकायचे, हो हो म्हणायचे. माझ्याशी मात्र ते एकही शब्द बोलले नाहीत. जेवताना माझं पाकीट मीच त्यांच्यासमोर तरंगत सोडायचे. ते हळूच बोटाने माझ्याकडे परत ढकलायचे. गोदामात मी रोज जात होते. सोंड व्यवस्थित होती, वारा वाहत होता, दाराच्या जाळीवर धूळ, केस, तंतू, सगळं जमायला लागलं होतं. मी मान कलती करून बघितली नाही असं नाही. नुसता वारा लागला.

मग ठरल्याप्रमाणे दुसरी गाडी आली. दोन नवी माणसं उतरली आणि जुन्या गाडीतून सर आणि दादा परत निघाले. पोशाख चढवून दादा गाडीच्या दारात बसलेले होते, गुडघे पोटाशी, हेल्मेट मांडीवर. मी पट्टे तपासायला वाकले.

"रेणू," ते म्हणाले.

इतक्या दिवसांनी नाव ऐकून माझे हात थांबले.

"मी शुद्धीत नव्हतो. तू होतीस तिथे."

"हो दादा."

"वारा लागला तेव्हा रडली का गो ती?"

त्यांच्या खांद्यामागून इबोम्चा सर माझ्याकडे बघत होते. त्यांना मराठी किती कळायची ते मला कधीच नीट कळलं नाही. पण त्या क्षणी त्यांचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते.

"नाही दादा," मी म्हणाले. "झोपेतच होती."

"जागी झाली नाही?"

"नाही. कुशीवर वळली फक्त."

दादांनी मान हलवली. मग पुन्हा हलवली. डोळ्यांतलं पाणी खाली ओघळायला तिथे जागा नसते, ते डोळ्यांवरच साचत गेलं. मी माझ्या बाहीने ते टिपून घेतलं.

"मग बरं," ते म्हणाले. "मला तेवढंच लागून राहिलं होतं. घाबरली असेल म्हणून."

त्यांनी हेल्मेट चढवलं. सर पुढे झुकले, माझ्या हातावर थोपटलं आणि त्यांना येत होती तेवढ्याशा मराठीत म्हणाले, "दार लाव, रेणू."

मी दार लावलं.